वखारीत चूल पेटवायची नाही

आमच्या गल्लीत कुणाचं काम होणार नसलं की लोक म्हणतात, "जा, बस्यूनीला विचारून ये." म्हणजे नाहीच. माणसाचं नाव असं वापरात यायला अख्खं आयुष्य घालवावं लागतं, आणि बस्यूनीने ते घालवलं. मिसरूड फुटायच्या वयात दमनहूरकडच्या खेड्यातून तो अलेक्झांड्रियाला आला आणि आमच्या मीनत अल-बसलमधल्या कापसाच्या वखारीच्या दाराशी उभा राहिला. काम एकच: कुणाला आत सोडायचं नाही.

मी समोरचा इस्त्रीवाला, गुनैम. लोक मला उस्ता म्हणतात, म्हणजे कारागीर. पण आमच्याकडे टॅक्सीवाल्यालाही उस्ता म्हणतात, तेव्हा त्यात फुगण्यासारखं काही नाही. माझ्या टेबलावरून वखारीचं दार सरळ दिसतं. शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवता फिरवता मी त्या माणसाचं आयुष्य बघितलं. दुसरं बघायला होतंच काय?

कापूस म्हणजे आग, एवढं बस्यूनीला पहिल्याच दिवशी मुकादमाने सांगितलं होतं. ते त्याच्या डोक्यात असं बसलं की पुन्हा निघालंच नाही. वखारीच्या भिंतीशी कुणी सिगारेट काढली की हा बादली घेऊन धावायचा. काडेपेट्या हिसकावून घ्यायचा आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. मासे विकणारा शहाता तरुणपणी भिंतीच्या सावलीला गाडी लावून विडी ओढत होता, तर बस्यूनीने त्याच्यावर आणि त्याच्या गाडीतल्या बोय माशांवर बादलीभर पाणी ओतलं. शहाता तेव्हाच गरजला होता, "मेलो तरी या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही!" जणू बस्यूनी त्याला आत बोलावतच होता.

या सगळ्यात भरडली गेली ती फिक्रिया. बस्यूनीची बायको. दाराला लागून जी खोली आहे, एक खिडकी आणि एक पलंग मावेल एवढी, तिथे ती नवरी म्हणून आली. आल्या दिवशी तिने ट्रंकेतून रॉकेलचा स्टोव्ह काढला, तर नवऱ्याने तो उचलून बाहेर ठेवला.

"इथे चूल पेटवायची नाही."

"मग खायचं काय?"

"बघू."

बघणार कोण? माझी बायको सनिया. तिने फिक्रियाला आमच्या जिन्याखाली जागा करून दिली. तेव्हापासून फिक्रिया रोज तिथे रांधायची आणि झाकण घातलेलं पातेलं दोन्ही हातांनी धरून रस्ता ओलांडायची. ट्रक थांबायचे तिच्यासाठी. उन्हाळा, पाऊस, बाळंतपण, काही चुकलं नाही. दोन मुली तिने त्या खोलीत वाढवल्या, लग्नं करून दिली, पण घरात कधी आधण ठेवलं नाही. सणाला सगळ्या बायका मिळून बिस्किटं भाजायच्या, तेव्हा ती म्हणायची, "अल्लाने मला नवरा दिला, पोरी दिल्या, चूल तेवढी सनियाला दिली." आम्ही हसायचो. तीही हसायची. पण सनिया मला एकदा म्हणाली, "हसते, पण हसताना माझ्याकडे बघत नाही."

मग कापूस गेला. एक हंगाम थोडा आला, पुढच्या हंगामात आलाच नाही. वखार रिकामी पडली, कबुतरं राहायला आली. फिक्रियाने वाट पाहिली आणि पुन्हा स्टोव्ह काढला.

"आता कापूस कुठाय?"

"उद्या आला तर?"

आला नाही. दहा-बारा वर्षं नाही आला. बस्यूनी मात्र रिकाम्या वखारीभोवती बादली घेऊन फिरत राहिला, आणि फिक्रियाचं पातेलं रस्ता ओलांडत राहिलं. कबुतरांना आग लागू नये म्हणून असेल!

अशात एक दिवस लमीस आली. वास्तुरचनाकार. वय तिशीचं, पायात बूट, हातात नकाशांची गुंडाळी, आणि गोड बोलणं. एका कंपनीने वखार घेतली होती आणि तिथे कार्यालयं होणार होती. नुसती कार्यालयं नाहीत हं! "मोहल्ल्याला कवेत घेणारी कार्यालयं," ती आम्हाला म्हणाली. खालचा अर्धा मजला आमच्यासाठी, म्हणजे गल्लीसाठी. सोफे, पुस्तकं, मुलांना अभ्यासाची टेबलं, सगळ्यांसाठी स्वयंपाकघर. मला वाटलं, चला, शंभरेक बाबू लोक येतील, शंभरेक शर्ट येतील. आले शंभर. सगळे चुरगळलेले टी-शर्ट घालून. एकाला मी विचारलं, "बेटा, इस्त्री?" तर म्हणाला, "आजकाल असंच घालतात, उस्ता." कपाळ माझं.

ते जाऊ दे. लमीसने बस्यूनीला ठेवलं. म्हणाली, "अम्म बस्यूनी, तुम्ही तर या जागेचा आत्मा आहात." अम्म म्हणजे काका. आत्म्याला तिने निळं जाकीट दिलं आणि छातीवर बिल्ला लावला: ‘स्वागत’. ज्या माणसाने उभ्या जन्मात उंदरालाही आत सोडलं नाही, त्याने आता येणाऱ्या-जाणाऱ्याला आत बोलवायचं. शहाता मासे साफ करता करता एवढा हसला की त्याने स्वतःचं बोट कापून घेतलं.

पण लमीसने जाता जाता आणखीही एक सांगितलं होतं, आणि ते हसण्यासारखं नव्हतं. मालक रमजानच्या आधीच्या गुरुवारी बघायला येणार. तेव्हा मोहल्ल्याची बैठक, म्हणजे आमचा तो खालचा अर्धा मजला, लोकांनी भरलेली दिसली नाही, तर मालक ती भाड्याने लावील. दारावर पहाऱ्याच्या एजन्सीची माणसं आणि कार्डाचं फाटक येईल. आणि दाराची खोली? तिथे कॉफीचं काउंटर. "मी भांडतेय त्यांच्याशी, अम्म," लमीस म्हणाली, "पण माणसं दिसली पाहिजेत." बस्यूनीने मान डोलावली. संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसला.

"गुनैम, खोली गेली तर हिला घेऊन कुठे जाऊ रे?"

"लोक येतील की. सोफे मऊ आहेत म्हणतात."

कसले येतात! लमीसने दारावर मोठी पाटी लावली होती: ‘या, बसा, हे घर तुमचंच आहे.’ बिचारी चांगल्या घरची, इंग्रजी शाळेत शिकलेली. तिला कोण सांगणार, की आमच्याकडे हे वाक्य म्हणजे नावाड्याचं आमंत्रण! नावाडी भर पाण्यात भाकर खात असतो आणि काठावरच्याला ओरडून सांगतो, "या, जेवायला या!" काठावरचा काय पोहत जातो? तो छातीवर हात ठेवतो, "अल्ला बरकत देवो" म्हणतो आणि चालू लागतो. अख्खी गल्ली ती पाटी वाचायची, छातीवर हात ठेवायची आणि चालू लागायची. काही म्हाताऱ्या तर पाटीलाच म्हणायच्या, "तुमचंही भलं होवो."

बस्यूनी दारात उभा राहून घसा फोडायचा.

"या, चहा घ्या."

"घेतलाच समज!"

"अहो, खरंच या."

"तुझ्या हातचा पुन्हा कधीतरी!"

आणि खरं सांगू? त्याला बोलवताच यायचं नाही. तोंडाने "या" म्हणायचा आणि दोन्ही हात सवयीने दाराच्या दोन्ही चौकटींना लावून उभा असायचा. आत जायचं तर त्याच्या काखेखालून जावं लागलं असतं. मी सांगितलं त्याला, "अरे, हात खाली घे." त्याने घेतले. पुढचा माणूस आला की पुन्हा वर.

गुरुवार आठवड्यावर आला तरी सोफे रिकामेच. भर दुपारी, रस्ता माणसांनी भरलेला, आणि समोरून शहाता रिकामी गाडी ढकलत आला. बस्यूनी सरळ त्याच्या गाडीपुढे जाऊन उभा राहिला.

"शहाता, आत चल. चहा पी."

"तूच ओतलेलं पाणी अजून वाळलं नाही माझ्या अंगावरचं."

"झालं गेलं विसर. तू आलास की सगळे येतील."

"वाटेतून हो."

आणि तिथे बस्यूनीचं डोकं फिरलं. आमच्या पुरुषांना एक घाणेरडी सवय आहे, तीत मीही आलो. आग्रह खरा आहे हे पटवायचं झालं की आम्ही बायकोवर शपथ घेतो. पाहुणा मग मुकाट बसतो, कारण दुसऱ्याचा संसार मोडायचं पाप कोण घेणार? बस्यूनी हात वर करून गरजला, "तू आत येऊन चहा प्यायला नाहीस तर माझ्या बायकोला तलाक!"

शहाताचा चेहरा पडला, म्हणजे तो येणारच होता, मी पैजेवर सांगतो. पण तेवढ्यात त्याला दिसलं, आणि आम्हा सगळ्यांना दिसलं, की रस्त्याच्या मधोमध फिक्रिया उभी आहे. हातात पातेलं. माझ्या जिन्याखालून निघालेली, तिच्या दाराकडे चाललेली.

तिने पातेलं खाली ठेवलं. तिथेच, डांबरावर. ओढणीने हात पुसले.

"कशासाठी रे? सोफ्यासाठी?" ती बस्यूनीला म्हणाली.

मग शहाताकडे वळली. "शहाता, तुला अल्लाची आण आहे, आत पाऊल टाकलंस तर."

आणि मागे फिरून माझा जिना चढून वर सनियाकडे गेली. शहाता बिचारा गाडी तिथेच टाकून पळाला. बस्यूनी पातेल्यापाशी उभा. त्यातून मसुराच्या आमटीची वाफ येत होती. मागे ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.

मग गल्लीत जे चालतं ते चाललं. बायका वर जात होत्या, खाली येत होत्या. पुरुष मशिदीत गेले. आमच्या इमामसाहेबांनी बस्यूनीला पोटभर सुनावलं आणि शेवटी निकाल दिला, "तुला तलाक द्यायचा नव्हता, आग्रह करायचा होता. तेव्हा तलाक झाला नाही. शपथ मोडली, तिची भरपाई कर. दहा गरिबांना जेवू घाल."

बस्यूनीचा जीव भांड्यात पडला. धावत माझ्या जिन्याखाली आला. वरच्या पायरीवर फिक्रिया बसली होती, मांडीवर भेंडी घेऊन.

"इमामसाहेबांनी माफ केलं, फिक्रिया! चल घरी."

"त्यांनी केलं. मला विचारलं कुणी?"

"दहा माणसं जेवू घालायचीत, बस. मग झालं."

"रांधणार कोण?"

बस्यूनी हळूच म्हणाला, "तूच की."

"रांधीन," ती म्हणाली. भेंडीचं टोक खुडलं. "दहा सोड, पन्नास माणसांचं रांधीन. पण सनियाच्या जिन्याखाली नाही. तुझ्या त्या छपराखाली चूल असेल तर सांग. नसेल तर तुझी दहा माणसं तुला लखलाभ, मी थोरलीकडे दमनहूरला जाते."

बस्यूनीचं तोंड बघण्यासारखं झालं. मी म्हणालो, "अरे, आत सगळ्यांसाठी स्वयंपाकघर बांधलंय ना? लमीसने मला दाखवलंय, चार शेगड्या आहेत."

"गॅस जोडलेला नाही."

तेवढ्यात नेमकी लमीस आली. झाल्या प्रकाराने तिचा चेहरा एवढासा झाला होता. तिने ऐकलं आणि चक्रावली. "अम्म, गॅस तर पहिल्या दिवसापासून जोडलाय. किल्ली हरवली म्हणालात ना तुम्ही?"

आता आम्ही सगळे बस्यूनीकडे बघतोय. त्याने निळ्या जाकिटाच्या आतल्या खिशातून किल्ली काढली. इतके महिने हा माणूस दारात उभा राहून गल्लीला "या, या" करत होता, आणि एकुलत्या एका शेगडीवाल्या खोलीला कुलूप ठोकून किल्ली छातीशी धरून बसला होता. फिक्रिया हसली नाही, रडली नाही. म्हणाली, "बघ, लमीस. ह्यांना म्हणतात जागेचा आत्मा."

बस्यूनी खाली पायरीवर बसला. "मला भीती वाटते गं," तो म्हणाला. असा साधा आवाज मी त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता. "तिथे ज्योत दिसली की मला सगळं पेटलेलं दिसतं. तू आत झोपलेली दिसतेस."

फिक्रियाचे हात थांबले. पण ती विरघळली नाही हं. "गुरुवारी," ती म्हणाली. "मुलूखिया करीन. कोंबड्या घेऊन ठेव."

गुरुवारी दहा गरीब जेवणार ही बातमी पसरली. आमची गल्ली एरवी मोठी मानी. सोफ्यावर फुकट बसायला कुणी गेलं नसतं. पण बस्यूनीचा संसार वाचवायचा म्हणजे पुण्याचं काम, त्यासाठी दुपारपर्यंत सगळेच गरीब झाले. सोनारसुद्धा गरीब झाला. मी तर जन्माचाच. शहाता मासे घेऊन आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला. म्हणाला, "मी आत येत नाही. माल पोचवायला आलोय." मालक आले, सोबत सुटाबुटातले पाच-सहा जण. बैठक गच्च भरलेली बघून मालकांनी लमीसचा हात हातात घेतला. "हेच! हेच मला हवं होतं!" कुणी त्यांना सांगितलं नाही की हे त्यांच्या पाटीने नाही, एका तलाकाच्या शपथेने जमलंय.

फिक्रिया स्वयंपाकघरात शिरली. शेगडीला आपोआप पेटायचं बटण होतं, लमीसने दाखवलं. फिक्रियाने त्याच्याकडे बघितलंही नाही. दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे हात पसरला.

"काडी दे."

तो खोलीत गेला आणि बिस्किटाचा डबा घेऊन आला. आत कुणाकुणाच्या काडेपेट्या, रंग उडालेल्या, काही ब्रँड तर आता मिळतही नाहीत. दोन काड्या फुसक्या निघाल्या. तिसरी पेटली. बस्यूनीने डोळे मिटले, मग एक उघडला.

भात झाला, कोंबड्या शिजल्या, हिरवीगार मुलूखिया, आमची पाल्याची आमटी, कोंबडीच्या रश्शात उकळायला लागली. शेवटी लसूण आणि धण्याची फोडणी. ती ओतताना बाईने दचकल्यासारखा जोरात श्वास आत ओढायचा असतो, नाहीतर मुलूखियाला चव येत नाही, हे आमच्याकडे लहान पोरींनाही ठाऊक असतं. फिक्रियाने आयुष्यभराचा श्वास आत ओढला, फोडणी चर्रर्र झाली, आणि त्याच क्षणी सगळी वखार किंचाळायला लागली.

धुराचा भोंगा! वर लाल दिवे, आणि भिंतीतून एक बाई बोलू लागली की सगळ्यांनी शांतपणे बाहेर पडा. आम्ही शांतपणे वगैरे नाही, पण पडलो बाहेर. गरीब, सोनार, सुटाबुटातले, टी-शर्टवाले, सगळे रस्त्यावर. ज्या गल्लीला कवेत घ्यायला एवढी इमारत सजवली, ती गल्ली पहिल्याच जेवणाला फुटपाथवर! लमीस रडकुंडीला आली. "अम्म, अग्निशमनवाले येईपर्यंत कुणाला आत सोडू नका!"

अहाहा. बस्यूनीचे दोन्ही हात चौकटींना लागले. पाठ ताठ झाली. तो खणखणीत आवाज आम्ही किती दिवसांनी ऐकला! "मागे व्हा! कुणी आत जायचं नाही!" मालक म्हणाले, माझी पिशवी आत आहे. "मागे!" अहो, मी मालक आहे. "मालक असाल. मागे!" मालक मागे झाले आणि लमीसच्या कानाशी लागले, "एजन्सीबिजन्सी राहू दे. हा माणूस ठेवा."

तेवढ्यात सनिया किंचाळली, "फिक्रिया कुठाय? अरे, फिक्रिया आत आहे!"

सगळी गल्ली दाराकडे धावली. बस्यूनी हलला नाही.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

"अरे, आग लागलीय म्हणतायत!"

"आग नाही ती," बस्यूनी म्हणाला. चौकट त्याने सोडली नव्हती. "चूल आहे. माझ्या बायकोची. तिला चुलीपुढून कोण उठवतो तेच बघतो मी."

भोंगा आपोआप बंद पडला. त्या शांततेत लसणाचा वास रस्त्यावर आला. स्वयंपाकघराची खिडकी उघडली, फिक्रियाचा घामाने भिजलेला लाल चेहरा बाहेर आला, आणि ती नवऱ्यावर खेकसली, "किती वेळ उभं करणार आहेस माणसांना? भात निवतोय!"

बस्यूनीने हात खाली घेतले. आमच्याकडे बघितलं. या म्हणाला नाही, बसा म्हणाला नाही, कशाची शपथ घातली नाही. "पाय पुसून जा," एवढंच म्हणाला, आणि दारातून बाजूला झाला. सगळ्यांच्या आधी शहाता आत गेला.